चिटाचा भोजनमंडप

शिवनेरीला आपण सगळेच कधी ना कधी जातो. सात दरवाजे, शिवाई देवी, जन्मस्थानाची इमारत, कडेलोट, भरपूर फोटो, आणि खाली उतरलं की नारायणगावच्या बाजूला एखाद्या हॉटेलात मासवडी-भाकरी. रविवार सत्कारणी. पण ज्या डोंगराच्या डोक्यावर आपण हे सगळं करतो त्याच्या कड्यात बौद्ध लेणी आहेत, आणि त्यातल्या एका लेण्यात ब्राह्मी लिपीतली एक ओळ आहे. ती बघायला फारसं कुणी वळत नाही. ओळ अशी:

यवनस चिटस गतानं भोजनमटपो देयधम सघे

भाषा प्राकृत आहे, पण मराठी माणसाला अर्धीअधिक कळतेच. गतांपैकी यवन चिट याने संघाला दान दिलेला भोजनमंडप. 'मटपो' म्हणजे मंडप, आपला मांडव. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा हा लेख. म्हणजे साधारण अठराशे वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या (निदान बाहेरचा म्हणवून घेणाऱ्या) एका माणसानं जुन्नरला पैसे खर्च केले, आणि ते चैत्यावर नाही, स्तूपावर नाही, तर जेवायच्या खोलीवर! मला हा माणूस तेवढ्यासाठीच फार आवडतो.

सध्या पुण्यात दर दोन महिन्यांनी एक नवं 'हेल्दी' रेस्टॉरंट उघडतं. मंद दिवे, मातीची भांडी, नाचणीचं काहीतरी, मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थासमोर त्याचे गुण, आणि 'सावकाश जेवा, चव अनुभवा' अशी एक पाटी. वाटतं की हे सगळं कुठल्यातरी परदेशी मासिकातून आलंय. तर मंडळी, शनिवार-रविवार मी जो वाचनाचा उद्योग केला त्याचा निष्कर्ष असा, की नियमावलीसकट चालणारी अशी जागा आपल्या जिल्ह्यात चिटाच्या काळापासून होती. फक्त तिथे बिल येत नसे. ते दुसरंच कुणीतरी भरत असे. त्याबद्दल पुढे बोलूच.

आधी चिट कोण? 'यवन' शब्द मुळात ग्रीकांसाठी, मग सरसकट पश्चिमेकडून आलेल्यांसाठी वापरला गेला. जुन्नरच्या लेखांत असे तीन यवन भेटतात. चिटानं भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या दुसऱ्या 'गत' यवनानं दोन पोढी, म्हणजे कातळात कोरलेली पाण्याची टाकी दिली. आणि मानमोडीच्या डोंगरात चंद नावाच्या तिसऱ्यानं लेण्याचं दर्शनी दार दिलं. 'गत' म्हणजे कोण यावर विद्वानांनी पुष्कळ डोकं चालवलंय. स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडितानं तर त्यांचा संबंध थेट युरोपातल्या गॉथ लोकांशी जोडला होता. तो सगळ्यांना पटला नाही. असो.

हे लोक जुन्नरात का, याचं उत्तर नाणेघाटात आहे. कल्याण बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. 'पेरिप्लस' हे पहिल्या शतकातलं ग्रीक खलाशाचं मार्गदर्शक पुस्तक. त्यात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि त्या यादीत सुरुवातीलाच दारू येते. इटलीची दारू लोकांना जास्त आवडते, हेही तो खलाशी नोंदवून ठेवतो. म्हणजे चिट ज्या व्यापारी जगातला, तिथे जेवण म्हणजे लवंडून बसणं आणि दारू. आणि त्यानं पैसे दिले ते कशाला? तर दारू पूर्ण बंद, दुपारनंतर जेवण बंद, आणि जेवताना आवाज करायचीही बंदी असलेल्या मंडपाला.

आवाजाची गोष्ट मी गंमत म्हणून सांगत नाहीये. भिक्षूंच्या नियमांचं पुस्तक म्हणजे विनय. त्यात कसं जेवावं याचे नियम आहेत, आणि ते वाचताना आपली आजी शेजारी बसलीय असं वाटतं. घास फार मोठा घेऊ नये. घास तोंडाजवळ यायच्या आत तोंड उघडू नये. तोंडात घास असताना बोलू नये. गाल फुगवून खाऊ नये. शितं सांडू नयेत. बोटं चाटू नयेत, पात्र चाटू नये, ओठ चाटू नयेत. आणखी हवं म्हणून कालवण भाताखाली लपवू नये (ही युक्ती अडीच हजार वर्षं जुनी आहे, वसतिगृहात राहिलेल्यांनी नोंद घ्यावी). आणि मग दोन नियम असे, की मूळ पाली शब्दच पुरे: 'चपुचपु' करून खाऊ नये, 'सुरुसुरु' करून पिऊ नये. आपण आजही चपचप आणि सुर्रसुर्रच म्हणतो ना? शब्दांनी कानाला पकडून ठेवलेली एवढी जुनी सवय मला दुसरी आठवत नाही.

जुन्नरच्या भिक्षूंचं विनय अक्षरशः पालीतलंच होतं असं नाही. तिथल्या लेखात धम्मुत्तरीय पंथाचं नाव येतं, आणि पालीतलं विनय थेरवाद्यांचं. पण जेवणाचे नियम सगळ्या पंथांत बरेचसे मिळतेजुळते आहेत, त्यामुळे चिटाच्या मंडपातही फार वेगळं चालत नसणार.

सुरुसुरुच्या नियमामागची गोष्ट फार मजेदार आहे. कौशांबीत एका ब्राह्मणानं संघासाठी दुधाचं पेय केलं. भिक्षू ते सुर्रसुर्र आवाज करत पिऊ लागले. त्यांच्यातला एक जण पूर्वाश्रमीचा नट होता. तो म्हणाला, सगळा संघ गारठलेला दिसतोय! थंडीनं कुडकुडताना दातातून जो आवाज येतो तो त्यानं पकडला होता, आणि शिवाय 'शीत झालेला' म्हणजे विकार शांत झालेला, अशीही त्यात कोपरखळी होती. इतर भिक्षूंनी तक्रार केली, त्या नटाला बोलणी बसली, आणि नियम झाला. पन्नास माणसं दगडी खोलीत बसून एकदम सुर्र करताहेत अशी कल्पना करा. वर कातळ, तीन बाजूंना कातळ, आवाज घुमणारच. नियम करणाऱ्यांना ध्वनिशास्त्र कळत होतं असं मी म्हणणार नाही, पण दगडात जेवणाऱ्यांना तो नियम पटकन पटला असणार.

चिटाचा मंडप आतून कसा वापरत असतील याची कल्पना करायला वेरूळचं पाच नंबरचं लेणं बघावं. लांबलचक सभागृह आणि मधोमध दोन समांतर, बुटके दगडी ओटे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते जेवायला की पठणाला, की दोन्हीला, यावर मतं आहेत. पण कान्हेरीच्या दरबार लेण्यातही तसेच बुटके ओटे आहेत, आणि ते बघितले की पंगत डोळ्यांपुढे येतेच.

आता तब्येतीचा मुद्दा. रात्रीचं जेवण बंद करताना बुद्धानं भिक्षूंना दिलेलं कारण मोक्षबिक्ष नाही. मी रात्री जेवत नाही, त्यामुळे मला आजार कमी होतात, अंग हलकं राहतं, ताकद राहते, बरं वाटतं, तुम्हीही करून बघा, असा त्याचा साधा युक्तिवाद आहे. २०१८ च्या सुमारास आपल्या प्रत्येक ऑफिसात 'दीक्षित की दिवेकर' हा वाद पेटला होता, आठवतंय? दोनदाच खा विरुद्ध दर दोन तासांनी खा. त्या वादात दीक्षितवाल्यांच्या हाती हा मुद्दा कसा लागला नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

आणि पेज! सकाळच्या तांदळाच्या पेजेचे, 'यागू'चे, दहा फायदे विनयात दिलेत. आयुष्य, कांती, सुख, बळ आणि चटकन सुचणं हे पाच. मग भूक भागते, तहान भागते, वात सरळ होतो, मूत्राशय साफ होतं, न पचलेलं पचतं, हे पाच. पुण्यातल्या कुठल्याही मेनूकार्डावर जसंच्या तसं खपेल. दुपारनंतर जेवण नाही, पण गाळलेले रस चालतील अशी सोय आहे, आणि त्या आठ रसांच्या यादीत आंबा, जांभूळ, केळं, द्राक्ष आणि फालसा आहेत. आज नारायणगावच्या रस्त्यावर उन्हाळ्यात यातलं निम्मं तुम्हाला गाडी न थांबवताही दिसेल.

आणखी एक गोष्ट कोसलचा राजा प्रसेनजित याची. हा द्रोणभर तांदळाचा भात खायचा. तसा खाऊन एकदा धापा टाकत बुद्धाकडे आला. बुद्धानं बेतानं जेवणाऱ्याचं दुखणं कमी होतं आणि म्हातारपण हळू येतं अशा अर्थाचं चार ओळींचं काहीतरी सांगितलं. राजानं शेजारी उभ्या असलेल्या सुदर्शन नावाच्या पोराला ते पाठ करायला लावलं आणि रोज जेवताना म्हणून दाखवायला नेमलं, दिवसाला शंभर कार्षापण पगारावर. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि बारीक झाला. डाएटच्या मासिक वर्गणीचा इतका जुना दाखला दुसरीकडे कुठे मिळाला तर मला जरूर कळवा.

इथपर्यंत सगळं छान आहे. पण मी वाचता वाचता एका गोष्टीपाशी अडकलो. ती मज्झिम निकायात आहे. उदायी नावाचा भिक्षू सांगतो, की रात्रीचं जेवण सोडा असं ऐकल्यावर आम्हाला वाईट वाटलं होतं, कारण घरोघरी चांगलंचुंगलं शिजतं ते रात्रीच, दिवसा काय असतं! मग तो आधीच्या दिवसांचं सांगतो. अंधारात भिक्षेला जाताना भिक्षू गटारात पडायचे, काट्यात शिरायचे, झोपलेल्या गाईला धडकायचे. एकदा तो स्वतः असाच रात्री गेला. एक बाई भांडी घासत होती. वीज चमकली आणि तिला समोर हा उभा दिसला. ती किंचाळली, पिशाच्च! हा म्हणाला, ताई, पिशाच्च नाही, भिक्षेसाठी उभा असलेला भिक्षू आहे. त्यावर ती बाई जे बोलली ते सभ्य भाषेत सांगायचं तर: पोटासाठी रात्रीबेरात्री असं हिंडण्यापेक्षा खाटकाच्या सुऱ्यानं ते पोटच कापून टाक!

इतक्या सगळ्या आहारविषयक उपदेशात ही एकच व्यक्ती आहे जी प्रत्यक्ष भांडी घासतेय. दिवसभराचं रांधून-वाढून झाल्यावर पावसात, अंधारात. तिला कुणी दहा फायदे सांगत नाही.

भोजनमंडपात चूल नव्हती हे लक्षात ठेवा. शिजवणं भिक्षूंना मना. अन्न गावातून यायचं. जुन्नरची लेणी गावाभोवतीच्या डोंगरांत आहेत, दूर रानात नाहीत, त्याचं एक कारण पोटाचं आहे. सकाळी उतरून भिक्षा घेऊन दुपारच्या आत परत. धम्मुत्तरीय भिक्षुणींचा तर उपाश्रयच गावात होता असा लेख आहे. बाकीचा हिशेबही दगडावर आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. एका शक उपासकानं करंजाच्या आणि वडाच्या झाडांसाठी जमीन लावून दिली. बांबूचं काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे पैसे ठेवून त्याच्या व्याजातून दर महिन्याला काही द्यायचं अशी सोय होती, म्हणजे सरळसरळ फिक्स्ड डिपॉझिट. दगडावर नावं आली ती व्यापारी, कारागीर आणि यवन यांची. ज्यांच्या घरचा भात होता त्यांची नाही. कमी जेवणं हे ज्याला व्रत म्हणून करता येतं त्याचं नाव पुस्तकात जातं. पाऊस पडला नाही म्हणून कमी जेवणाऱ्याचं जात नाही.

मधली बारा-तेराशे वर्षं सोडून देतो, कारण ती घातली तर हा लेख पुढच्या रविवारीही संपायचा नाही.

१४७० च्या आसपास जुन्नरला दुसरा परदेशी आला, आणि यानं मात्र जेवणाबद्दल स्वतःचं मत लिहून ठेवलं. अफनासी निकितीन, रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. (१९५७ चा 'परदेसी' सिनेमा याच्यावरच आहे, त्यात बलराज साहनी आणि नर्गिस.) तो चौलला उतरला आणि खुष्कीच्या वाटेनं जुन्नरला पोचला. विकायला घोडा आणला होता. पाऊस लागला आणि तो अडकला. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. ज्यानं जुन्नरचा आषाढ पाहिलाय त्याला हे वाक्य अनुवादाशिवाय कळेल. गावाचं वर्णनही आहे: दगडी डोंगरावरचं शहर, माणसानं बांधलेलं नाही, देवानं घडवलेलं, वर जायला दिवस लागतो आणि वाटेवर एकच माणूस मावतो. अतिशयोक्ती आहेच, पण शिवनेरीचा कडा ओळखू येतो.

तिथल्या असदखानानं त्याचा घोडा काढून घेतला आणि मुसलमान हो, मग घोडाही देतो आणि वर हजार मोहराही, असं सांगितलं. चार दिवसांची मुदत. शेवटी खोरासानच्या एका ख्वाजा मुहम्मदानं मध्यस्थी केली आणि घोडा परत मिळाला. या धांदलीतही त्याचं लक्ष खाण्याकडे आहे, निदान घोड्यांच्या. इथे घोड्यांना हरभरा घालतात, आणि साखर-तूप घालून शिजवलेली खिचडी चारतात, असं तो लिहितो. माणसांच्या जेवणाचं वर्णन तो पुढे बीदरकडे गेल्यावर करतो. मांस नाही, मासे नाहीत. भात आणि खिचडी तुपाशी, आणि पालेभाज्या. उजव्या हातानं जेवतात, चमचा ठाऊक नाही. दिवसातून दोनदा जेवतात, रात्री जेवत नाहीत, दारू पीत नाहीत. आणि मग त्याचा शेरा येतो: यांचं जेवण वाईट असतं.

म्हणजे जो आहार आज आपण सात्त्विक म्हणून पैसे मोजून मागवतो, त्याला परीक्षकानं दिलेले गुण हे! बिचाऱ्याची बाजूही समजून घ्यायला हवी. थंड देशातला माणूस, चार महिने चिखलात, त्यात उपास कधी धरायचे याचा हिशेबही चुकलेला. शिवाय त्यानं पाहिलेल्या त्या दोन जेवणांत व्रत किती आणि गरिबी किती, हे त्याला वेगळं करता आलं नसेल. आपल्याला तरी कुठे येतं?

आता आज. २०१८ मध्ये राज्य सरकारनं जुन्नरला विशेष पर्यटन तालुका जाहीर केलं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि नाचणी, वरई, बाजरी यांना एकदम प्रतिष्ठा आली. कृषी पर्यटन केंद्रांत चुलीवरची भाकरी मिळते, हुरडा मिळतो. मासवडी तर या भागाचा अभिमानच: ओल्या फडक्यावर थापलेलं शिजलेलं बेसन, आत तीळ-खोबरं-लसणाचं सारण, गुंडाळून माशासारखा आकार, कापून वड्या, वर लालकाळा तर्रीदार रस्सा. नावात मासा, ताटात माशाचं नखही नाही. निकितीनला ही मिळाली असती तर त्यानं शेरा बदलला असता, अशी माझी खात्री आहे. (रस्सा सुर्रसुर्र न करता पिणं मला अजून जमलेलं नाही.)

पण जुन्नर-आंबेगावची पश्चिमेकडची बाजू वेगळी आहे. घाटघर-अंजनावळे, आणि खाली आंबेगावात आहुपे, तिरपाड, असाणे. महादेव कोळ्यांची गावं. पाऊस प्रचंड, जमीन उताराची. खाचरांत भात, वर उतारावर नाचणी आणि वरई. पावसाळ्यात रानातली कुर्डू, टाकळा, भारंगी. घोड नदीवर डिंभे धरण इथेच झालं. जुनं आंबेगाव त्याच्या पाण्याखाली गेलं, आणि ते पाणी कालव्यांनी पूर्वेकडे गेलं, उसाला आणि बागायतीला. नाचणी इथे 'सुपरफूड' होण्याच्या शेकडो वर्षं आधीपासून खातात, कारण त्या उतारावर दुसरं येत नाही.

आणि हिरडा. विनयात भिक्षूंना औषध म्हणून चालणाऱ्या फळांची यादी आहे, तिच्यात हिरडा, बेहडा, आवळा हे तिन्ही आहेत, म्हणजे आपला त्रिफळा पूर्ण. काविळीसारख्या दुखण्यावर हिरडा द्यायचा असंही तिथे सांगितलंय. चिटाच्या मंडपात जेवणाऱ्या भिक्षूला तो कुठून मिळत असेल? माझा अंदाज, लांब जावं लागत नसेल. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा आजही रोख पैसा देणारी मोठी गोष्ट आहे. उन्हाळ्यात कोवळी फळं झाडावर चढून, झोडपून पाडतात आणि कातळावर वाळत घालतात. वाळून काळा, सुरकुतलेला होतो तो बाळहिरडा, त्याला भाव जास्त. चावून बघा: आधी जीभ तुरट होऊन आकसते, नको वाटतं, आणि मग त्यावर पाणी प्यायलं की तेच पाणी गोड लागतं. चवीची एवढी लांब गंमत मी कुठल्याच टेस्टिंग मेनूत अनुभवलेली नाही, आणि ही तर पैशाभराची.

पैशाभराची कुणाला, हा प्रश्न आहेच. पूर्वी इंग्रजांच्या काळात हिरडा कातडी कमावायला आणि रंगासाठी बोटीनं परदेशी जायचा. आता मुख्यतः औषधांसाठी जातो. आदिवासी विकास महामंडळ तो खरेदी करायचं. व्यापारीही घेतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि या पट्ट्यात हिरड्याचं मोठं नुकसान झालं. करोनाचं वर्ष, पुण्यातल्या दुकानांत काढ्याला आणि चूर्णाला कधी नव्हे एवढी मागणी, आणि ज्यांच्या झाडांची ती फळं त्यांना नुकसानभरपाईसाठी पुढची काही वर्षं पाठपुरावा करावा लागला. हिरडा भातासारखा खाचरात पेरलेला नसतो. तो झाडावर असतो, झाड डोंगरावर असतं, आणि आपले सरकारी तक्ते सपाट जमिनीसाठी बनवलेले असतात.

लेणी बघायला जाणार असाल तर थंडीत जा. लेण्याद्रीला सगळे जातातच. तिथला गिरिजात्मज ज्या दालनात बसलाय ते मुळात विहारच, खांब नसलेलं भलंमोठं सभागृह आणि बाजूंना भिक्षूंच्या वीस खोल्या. चिटाचा भोजनमंडप मात्र शिवनेरीत आहे आणि त्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटा सोप्या नाहीत. गावातला माहितगार माणूस बरोबर घ्या आणि त्याला त्याचे पैसे नीट द्या. कड्याला आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर-सिगारेट नको. पिण्याचं पाणी घरून न्या. इरिलनं दिलेली टाकी बघायची, त्यातलं प्यायचं नाही. आणि डबा दुपारच्या आत उघडा.